गल्ल्यावरची जागा

व्यापारी घरांत कर्त्या पुरुषाची दृष्टी मंदावू लागली, की ती गोष्ट डॉक्टरांच्या आधी गल्ल्याला कळते. दोनशेच्या जागी पाचशेची नोट सुट्ट्यांत जाते. बिलावरचा तीनचा आकडा आठ म्हणून वाचला जातो. दिवेलागणीला दुकानाची पायरी उतरताना पाऊल अधांतरी पडते. पहिल्या दोन-तीन वेळा घरचे लोक हसण्यावारी नेतात, चौथ्या वेळी मुलगा मायेने म्हणतो, "बाबा, आयुष्यभर खूप केलंत. आता तुम्ही निवांत बसा." त्या दिवसापासून तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला जातात. चाळीस वर्षे ज्याला बाजारभाव मुखोद्गत होते, तो माणूस घरातल्या खुर्चीत बसून कोण आले, कोण गेले, याचा कानोसा घेत दिवस काढू लागतो.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हेच स्वयंपाकघरात घडते. "आई, तुम्ही गॅसजवळ येऊ नका, भाजलं-बिजलं तर?" सुनेची काळजी खरी असते. परंतु सासूच्या हातची आमटी त्या दिवसापासून बंद होते, आणि काही महिन्यांनी तिचे स्वयंपाकघरात येणेही.

आजाराने काय नेले आणि घरच्यांच्या काळजीने काय नेले, हे दोन आकडे एकाच रकान्यात मांडले जातात, ही अशा घरांची मोठी चूक होय. आजाराने नेलेले पुष्कळदा परत येत नाही. काळजीने नेलेले मात्र बहुतांशी परत मिळवता येते. त्यासाठी थोडे शिकावे लागते, घराची व दुकानाची मांडणी बदलावी लागते, आणि घरच्यांना आपला हात काही ठिकाणी आवरता घ्यावा लागतो.

दिसते, पण कसे?

'अंध' म्हटले की लोकांच्या मनात संपूर्ण काळोख येतो. प्रत्यक्षात दृष्टिदोष असलेल्या बहुतेकांना काही ना काही दिसत असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अंधत्व आणि अल्पदृष्टी यांत भेद करतो. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारी गोष्ट चष्मा लावूनही, चांगल्या डोळ्याने, ३ मीटरवरून दिसत नसेल तर ते अंधत्व. त्याहून बरी, पण ६/१८ पेक्षा कमी असलेली दृष्टी ती अल्पदृष्टी. अक्षरे नीट वाचता येणारी, परंतु दृष्टीचा आवाका १० अंशांहून कमी झालेली व्यक्तीही कायद्याच्या लेखी अंधच ठरते. घरात गैरसमज होतात ते नेमके याच प्रकारामुळे.

काचबिंदूत दृष्टी बहुधा कडेने आक्रसत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून वर्षानुवर्षे पत्ताच लागत नाही. असा माणूस वर्तमानपत्रातील बारीक अक्षर वाचतो आणि उठताना पायाशी असलेल्या पाटाला अडखळतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात तर संध्याकाळ झाली की घर परके वाटू लागते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची घरची रीत अशा माणसाला आपसूकच सोयीची पडते. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज होते तेव्हा प्रकार उलटा असतो. घरभर फिरता येते, जमिनीवर पडलेला रुमालही दिसतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. "नाणं पडलं तर बरोबर दिसतं, आणि माणूस दिसत नाही?" असे टोमणे ज्यांनी ऐकले आहेत त्यांनाच त्यातली बोच ठाऊक.

लग्नसमारंभात हे फार जाणवते. "अमुक शेठ आता ओळख दाखवत नाहीत" अशी कुजबुज होते, मने दुखावतात, क्वचित सोयरिकीतही अंतर पडते. शेठजींना चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसत असतो, हे ना त्यांनी सांगितलेले असते ना कोणी विचारलेले. म्हणून भेटताच आपले नाव घ्यावे: "जय जिनेंद्र काका, मी बार्शीच्या मामांचा धाकटा." उठून जातानाही सांगावे, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. "ओळखा पाहू कोण?" हा खेळ मात्र कायमचा बंद करावा. चार माणसांत आवाज ओळखायची परीक्षा कोणालाही नको असते.

यातले काय बरे होऊ शकते, हे आधी पाहिले पाहिजे. भारतात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण अजूनही मोतीबिंदूच आहे, आणि तो शस्त्रक्रियेने बरा होतो. मधुमेह असलेल्याने दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करावी. साखर ताब्यात आहे म्हणून ती टाळू नये. घरात एकाला काचबिंदू निघाला तर सख्ख्या भावंडांनी व मुलांनीही डोळ्यांचा दाब व दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे. नेत्रदानाबद्दल जैन घरांत आस्था आहे, परंतु प्रत्यारोपण होते ते फक्त पारदर्शक पटलाचे, म्हणजे बुबुळावरच्या काचेचे. "कोणाचे तरी डोळे बसवून घेऊ" या आशेवर काचबिंदूच्या रुग्णाने वेळ घालवू नये.

आणखी एक गोष्ट वडीलधारे सहसा बोलत नाहीत. दृष्टी बरीच गेल्यावर काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात: भिंतीवर जाळीदार नक्षी, अंगणात रंगीत कपड्यांतली माणसे, लहान मुलांची रांग. ती बोलत नाहीत, त्रास देत नाहीत. येतात आणि विरतात. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला. आजोबांची दृष्टी मोतीबिंदूने गेली होती, बुद्धी मात्र पूर्ण शाबूत होती. आज वैद्यकशास्त्रात या अवस्थेला बोने यांचेच नाव आहे. डोळ्यांकडून चित्रे येईनाशी झाली की मेंदू स्वतःची चित्रे रंगवतो, इतकेच त्याचे कारण. हे ठाऊक नसलेल्या घरांत एकतर वेडाची शंका येते, नाहीतर बाधेची. आजोबा गप्प राहतात ते त्याच भीतीने. त्यांना आपणहून विचारावे, आणि नेत्रतज्ज्ञांच्या कानावर घालावे.

काठी आणि कोपर

पांढरी काठी हाती घ्यायला दुकानदाराचा विरोध सर्वांत मोठा. लोकांना कळेल, ग्राहक फसवतील, उधारी बुडेल, मुलीच्या स्थळाला अडचण येईल, अशी अनेक कारणे असतात. परिणाम असा होतो की माणूस काठीशिवाय आणि म्हणून घराबाहेर पडण्याशिवाय राहतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टलचे छायाचित्रकार जेम्स बिग्ज यांनी अपघातात दृष्टी गमावल्यावर १९२१ मध्ये मोटारचालकांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. तोवर काठी म्हणजे आधार आणि खूण. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी तिला लांब केले आणि तिचे काम बदलले. हूवर यांच्या पद्धतीत काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी असते. ती शरीराच्या मध्यासमोर धरून खांद्यांच्या रुंदीएवढ्या कमानीत फिरवायची; उजवे पाऊल पुढे पडते तेव्हा टोक डावीकडे टेकते, डावे पडते तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार, ती जागा आधीच तपासलेली असते. ईर्यासमिती पाळणारे साधू-साध्वी पुढची जमीन न्याहाळत चालतात. उद्देश निराळा, पण पाय टाकण्याआधी जमीन पाहण्याची शिस्त जैन घरांना अनोळखी नाही.

ही कला पुस्तकातून येत नाही, शिक्षकाबरोबर रस्त्यावर चालून येते. मुंबईत मुख्यालय असलेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, या दोन्ही १९५२ च्या संस्था. अशा संस्थांत काठीच्या व दैनंदिन कामांच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. वय झाले म्हणून शिकता येणार नाही, हे घरच्यांनी ठरवू नये.

काठीला एक मर्यादा आहे. ती कमरेखालचे अडथळे सांगते, वरचे नाही. दुपारी जेवणाच्या वेळी अर्धे खाली ओढलेले शटर, दुकानाबाहेर टांगलेली पाटी, उघडी राहिलेली खिडकीची झडप या गोष्टी थेट कपाळाला भिडतात. दिल्ली आयआयटीत तयार झालेली 'स्मार्टकेन' ध्वनिलहरींच्या साहाय्याने गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ओळखते आणि मूठ थरथरवून कळवते. पण अर्धे शटर पूर्ण वर करणे हा उपाय त्याहून स्वस्त आहे.

येथे व्यापाऱ्यांनी आरशात पाहायला हरकत नाही. पदपथावर मांडलेले डबे, पोती, कपड्यांचे पुतळे आणि 'सेल'च्या उभ्या पाट्या कोणाच्या असतात? जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये पायाला जाणवणाऱ्या फरश्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसल्या. आपल्याकडे मेट्रो स्थानकांत दिसणाऱ्या पिवळ्या फरश्या त्याच: लांब पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', गोल उंचवटे म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. अशा पट्ट्यावर मालाचे खोके ठेवणाऱ्याच्याच घरात उद्या काठी येऊ शकते.

सोबत चालणाऱ्यानेही शिकायचे असते. रस्ता ओलांडून देणारी भली माणसे दंड पकडून पुढे ढकलतात. त्याने तोल जातो. आपले कोपर पुढे करावे, त्यांना कोपराच्या जरा वर धरू द्यावे, आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. अंगाच्या हालचालीवरून त्यांना वळण, चढ, थांबणे सारे कळते. अरुंद गल्लीत हात पाठीमागे घेतला की ते आपोआप मागे येतात. पायरीपाशी क्षणभर थांबून "वर" किंवा "खाली" एवढे सांगावे. खुर्चीपाशी धरून बसवू नये. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावा, पुढचे ते पाहतात. "तिकडे", "इथे जवळच" हे शब्द निरुपयोगी आहेत. "डाव्या हाताला, दोन पावलांवर" हे उपयोगाचे.

जुन्या बाजारपेठेत एक फायदा असतो. कांडपगिरणीचा तिखट वास, तेलघाण्याची घरघर, नव्या कापडाच्या खळीचा गंध, देवळाची घंटा या खुणा नकाशासारख्या ओळीने येतात. जो माणूस त्याच पेठेत वाढला, त्याच्या पायांत तो नकाशा आधीच आहे. जैन दर्शनशास्त्रात डोळ्याने होणाऱ्या बोधाला चक्षुदर्शन म्हणतात आणि इतर इंद्रियांनी व मनाने होणाऱ्याला अचक्षुदर्शन. दुसऱ्यालाही 'दर्शन'च म्हटले आहे.

नोट, नाणे, हिशेब

पैशाचा व्यवहार हा सर्वांत नाजूक भाग, कारण तेथे विश्वास आणि प्रतिष्ठा दोन्ही गुंतलेली. म्हणून त्याची बारकाईने माहिती हवी.

नव्या मालिकेतील नोटांची लांबी मूल्यानुसार वाढते: दहाची १२३ मिलिमीटर, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. दहा व वीसच्या नोटा रुंदीला ६३ मिलिमीटर, बाकीच्या ६६. शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्यात अंतर फक्त चार-चार मिलिमीटरचे असल्यामुळे नुसत्या लांबीवर विसंबता येत नाही. त्यासाठी दोन्ही आखूड कडांना उठावाच्या तिरप्या रेषा छापल्या आहेत: शंभरावर चार, दोनशेवर चार आणि त्यांच्यामध्ये दोन छोटी वर्तुळे, पाचशेवर पाच. शिवाय शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेवर वर्तुळ आहे. करकरीत नोटेवर हे बोटाला लागते. बाजारात वर्षभर फिरलेल्या नोटेवर पुसट होते. त्यातच जुन्या मालिकेतील शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, म्हणजे आजच्या पाचशेहून मोठी! ती अजूनही चलनात आहे. केवळ मापावर नोट ओळखणारा येथे हमखास फसतो.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मणी' नावाचे मोफत ॲप आणले. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते मूल्य बोलून सांगते; एकदा घेतले की इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याने हा फरक पक्का लक्षात ठेवावा आणि मोठ्या रकमेच्या वेळी डोळस माणूस शेजारी ठेवावा.

नाण्यांचा गोंधळ २०१९ च्या मालिकेने बराच कमी केला. तिच्यात एक ते वीस रुपयांपर्यंत मूल्याबरोबर आकार व वजन वाढत जाते आणि वीसचे नाणे बारा कोनांचे आहे. गल्ल्यात मात्र जुनी-नवी नाणी मिसळलेली येतात; म्हणून गल्ल्याचे कप्पे ठरलेले असावेत आणि ते दुसऱ्या कोणी "जरा आवरून" ठेवू नयेत. खिशातल्या नोटांच्या घड्या ठरवून घ्याव्यात: शंभराची सरळ, दोनशेची आडवी घडी, पाचशेची चौघडी. घेताना प्रत्येक नोट मोठ्याने बोलून घ्यावी. "पाचशे दिलेत, तीनशे चाळीस परत" असे म्हणण्यात कमीपणा नाही. जुन्या पेढ्यांवर ती रीतच होती.

यूपीआयचा बोलका डबा दुकानात आला तो सर्वांच्या सोयीसाठी, पण मंद दृष्टीच्या दुकानदाराला तो मुनीमच लाभल्यासारखा आहे. पैसे आल्याचे मोबाईलच्या पडद्यावर दाखवणाऱ्या ग्राहकाला "डब्यानं सांगितलं की झालं" म्हणता येते. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केल्या, त्यांना कॅलक्युलेटरही क्वचितच लागतो. हे पाठांतर नव्या पिढीकडे नाही. गल्ल्यावरून उठवलेल्या माणसाबरोबर दुकानाचे गणितही उठून जाते, हे पुष्कळांना उशिरा कळते.

स्वतःचे दुकान नसलेल्यांचाही एक दाखला महाराष्ट्रातच आहे. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची दृष्टी तरुणपणी गेली. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले, त्या महाबळेश्वरात हातगाडीवर विकल्या, आणि पुढे 'सनराईज कँडल्स' हा उद्योग उभा केला. तेथील मेणबत्त्या अंध कारागिरांच्या हातच्या असतात.

बँकेत काय मागता येते, हेही ठाऊक असावे. अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर, नेट बँकिंग या सुविधा कोणताही भेदभाव न करता द्याव्यात, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच दिल्या आहेत. "मुलाचं नाव खात्यात टाका, मगच" असा आग्रह झाला तर शांतपणे या सूचनेची आठवण द्यावी. सही एका रेषेत यावी म्हणून जाड पुठ्ठ्यात सहीएवढी खाच कापून घेतली तरी काम भागते. केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगणाऱ्या पद्धतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' कार्ड काढायला व्यापारी घरे कचरतात. "आपल्याला सवलतीची काय गरज?" असा त्यामागचा मान असतो. परंतु प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत विवरण भरणाऱ्याला त्यावर ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. घरचे लाजून सांगत नाहीत, म्हणून सीए विचारत नाहीत. आणि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरात ही रक्कम वर्षानुवर्षे सुटत राहते.

स्वयंपाकघर

स्वयंपाकघरात पहिला नियम एकच: वस्तूची जागा बदलायची नाही. मिठाचा डबा वीतभर सरकला तरी तो हरवल्यासारखाच. हळदीच्या डब्याला एक रबर, तिखटाच्या डब्याला दोन, जिरे आणि ओवा नाकाने ओळखायचे. पांढरा भात पांढऱ्या ताटात दिसत नाही, गडद ताटात दिसतो. काळ्या ओट्यावर काळा तवा हरपतो. ताट वाढून सांगताना घड्याळ मनात धरावे: "बाराला वरण, तीनला भाजी, सहाला पोळी."

गॅस पेटवण्याआधी भांडे शेगडीवर नीट बसवावे, मग पेटवावे; पेटल्यावर भांडे चाचपण्याची वेळ येऊ नये. पदर खोचलेला किंवा पिनेने लावलेला असावा. दुधात टाकायची खडखडणारी चकती दूध उतू जाण्याआधी आवाज देते. विळीपेक्षा सुरी आणि पाट सुरक्षित, बोटे आत वळवून पाते बोटांच्या पेरांना लागून चालवता येते. मोहरी तडतडली, जिरे फुलले, पोळी भाजली हे तर डोळस सुगरणही कानाने आणि नाकानेच ठरवते.

एका कामापाशी मात्र अडते: धान्य निवडणे. आळी, पोरकिडा बोटांना कळतोच असे नाही, आणि जीव जाऊ नये ही घरची आच असते. अनेक वृद्धा याच एका कारणाने स्वतःहून ओट्यापासून दूर होतात. निवडणे, चाळणे आणि भाजी पाहून घेणे डोळस माणसाकडे द्यावे. भिजवणे, मळणे, लाटणे, फोडणी देणे त्यांच्याकडे राहू द्यावे. एका कामासाठी सारा स्वयंपाक काढून घेण्याचे कारण नाही. औषधांचे तसेच: सकाळच्या पट्टीला एक रबर, रात्रीच्या पट्टीला दोन, आणि आठवड्याचे खण असलेली डबी रविवारी कोणीतरी भरून द्यावी.

वाचून दाखवणारा

जैन घरांत या बाबतीत एक मोठे नाव आहे. पंडित सुखलाल संघवी. सौराष्ट्रातील लिमली गावच्या व्यापारी कुटुंबात १८८० साली जन्म. सोळाव्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. कोवळ्या वयातील मुलासमोरचे दुकान, शाळा, लग्न हे सगळे रस्ते एकदम बंद झाले. गावात येणाऱ्या साधू-साध्वींकडून ऐकून ऐकून त्यांनी पाठांतर सुरू केले. पुढे काशीच्या यशोविजय जैन पाठशाळेत आणि मिथिलेत न्याय व इतर दर्शने शिकले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात पंडित बेचरदास दोशी यांच्यासह 'सन्मतितर्क' या कठीण ग्रंथाचे संपादन केले. १९३३ ते १९४४ बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन केले. १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती ग्रंथासाठी मिळाला, १९७४ मध्ये पद्मभूषण. १९७८ मध्ये ते वारले.

लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून हात जोडतात आणि तेथेच थांबतात. पाहण्याजोगी गोष्ट निराळी आहे. हस्तलिखितांचे पाठभेद डोळ्यांशिवाय तपासायचे कसे? दुसऱ्याने वाचायचे, यांनी ऐकायचे, निर्णय घ्यायचा, सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. वाचून दाखवणारा हा त्यांच्या कामाचा भाग होता, उपकारकर्ता नव्हे. बनारसला वाचक म्हणून आलेले दलसुख मालवणिया पुढे त्यांच्याच जागी अध्यापक झाले आणि स्वतः मोठे विद्वान ठरले. वाचणाऱ्याने डोळे दिले आणि विद्या घेतली.

ही व्यवस्था दुकानात सहज बसते. नातवाने रोज अर्धा तास उधारीची वही वाचून दाखवावी, आजोबांनी कोणाकडे तगादा लावायचा, कोणाला सांभाळून घ्यायचे ते सांगावे. नातवाला माणसे कळू लागतात. ही गोष्ट कोणत्याही ॲपमध्ये नाही.

तरी ॲप हवेच. अँड्रॉइड फोनमधील 'टॉकबॅक' आणि आयफोनमधील 'व्हॉइसओव्हर' ही सोय आधीपासूनच फोनमध्ये असते. चालू केली की बोट ठेवाल ते मराठीतही वाचून दाखवते. संगणकासाठी 'एनव्हीडीए' मोफत आहे. छापील पत्र किंवा डब्यावरची मजकूरपट्टी वाचणारी ॲपेही मोफत मिळतात, आणि 'बी माय आइज'वर अनोळखी स्वयंसेवक कॅमेऱ्यातून पाहून मदत करतो. बँकेचे कागद, पिन किंवा ओटीपी अशा अनोळखी मदतनिसाला दाखवू नयेत, एवढे पथ्य पाळावे. शिकवणाऱ्याने फोन हातातून काढून घेऊन "हे बघा, असं" म्हणू नये. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा, बोट त्यांचेच फिरू द्यावे. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो.

दुकानातही थोडे बदल लागतात. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, वाटेतली पोती भिंतीलगत, दार एकतर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद, आणि गल्ल्यामागून डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याची दिशा बदललेली. किल्ल्यांच्या जुडग्यात गोदामाच्या किल्लीला सुती दोऱ्याची एक गाठ, दुकानाच्या किल्लीला दोन. तिजोरीच्या किल्लीला गाठ लागत नाही. चाळीस वर्षे हाताळलेली ती किल्ली बोटांना आपोआप सापडते.